कौनास (लिथुआनिया) : आई-बाबांसह जायचे आहे, मार्गदर्शन हवे

मुक्ता_बर्लिन

नमस्कार मंडळी,

मी नोकरीनिमित्त बर्लिनमध्ये राहते. येत्या जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून माझ्याकडे येत आहेत आणि त्यांच्यासह आठवडाभर लिथुआनियाला जाण्याचा विचार आहे. बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या युरोपविषयी त्यांचे वाचन माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि कौनासचे नाव त्यांनीच सुचवले. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. सपाट रस्त्यावर ती सावकाश हवे तितके चालते, मात्र जिने टाळावे लागतात. दोघेही शाकाहारी आहेत आणि अंडेही खात नाहीत. तेरा वर्षांचा माझा मुलगा बास्केटबॉलवेडा आहे, त्यामुळे त्याला या देशाची ओळख आम्हा सर्वांपेक्षा आधीच झाली आहे.

राजधानी विल्नियसविषयी भरपूर माहिती मिळाली. कौनासबद्दल मात्र जिथे विचारावे तिथे ‘विल्नियसहून सकाळी जा आणि संध्याकाळी परत या’ एवढेच उत्तर मिळते. बाबांच्या मनात पाहण्यासारखे जे आहे, ते एवढ्या वेळात होईल असे वाटत नाही. तिथे मुक्काम करावा का, राहण्यासाठी कोणता भाग बरा, आईला झेपेल अशा बेताने काय पाहता येईल आणि खाण्याची सोय कशी होईल, हे कृपया जाणकारांनी सांगावे. नवव्या किल्ल्याच्या स्मारकावर, म्हणजे नाझी काळातील हत्याकांडाच्या जागी, वयस्कर माणसांना आणि मुलाला न्यावे की नाही, याविषयीही मनात संभ्रम आहे.

---

नेमुनासकाठ

मुक्ताताई, मी कौनासमध्येच राहतो, त्यामुळे आधी मुक्कामाच्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देतो. किमान दोन रात्री राहा, आणि बाबांची आवड पाहता तीन रात्री राहिलात तर फारच उत्तम. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे प्रवासी जुने शहर आणि किल्ला पाहून जातात. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या ज्या वीस वर्षांमुळे हे शहर घडले, त्या काळाच्या खुणा मात्र जुन्या शहराच्या बाहेर, नव्या शहरात आणि टेकडीवर आहेत, आणि त्या पाहायच्या राहून जातात.

थोडी भौगोलिक कल्पना देतो, म्हणजे नियोजन सोपे होईल. नेमुनास आणि नेरिस या दोन नद्यांचा जिथे संगम होतो, त्या टोकाला किल्ला आणि जुने शहर आहे. तिथून पूर्वेकडे सरळ निघालात की विल्नियस रस्ता लागतो आणि पुढे तोच लाइस्वेस अलेया या दीड किलोमीटरहून लांब, केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेल्या रस्त्याला मिळतो. या रस्त्याच्या पूर्व टोकाला निळसर घुमटांचे सेंट मायकेल चर्च आहे. रशियन साम्राज्याच्या काळात, १८९०च्या दशकात, ते लष्करी छावणीसाठी बांधले गेले आणि आज ते कॅथलिक चर्च आहे. म्हणजे संगमापासून या चर्चपर्यंतचा सगळा पट्टा सपाट आहे, मधोमध झाडांच्या रांगा आहेत आणि थोड्या थोड्या अंतरावर बाके आहेत. तुमच्या आईंना हा भाग मनापासून आवडेल. जुन्या शहरात काही ठिकाणी दगडी फरसबंदी खडबडीत आहे, तिथे जाड तळव्याचे बूट हवेत.

राहण्यासाठी लाइस्वेस अलेयाच्या आसपासचा भाग निवडा. घर भाड्याने घेणार असाल तर इमारतीत लिफ्ट आहे का, हे आधी लेखी विचारून घ्या. मध्यवर्ती भागातील अनेक देखण्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही आणि जाहिरातीत ती गोष्ट सहसा लिहिलेली नसते.

बर्लिनहून विमानाने विल्नियसला या आणि तिथून रेल्वे घ्या. अंतर साधारण १०० किलोमीटर आहे आणि तासाभरापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. लिथुआनियाचे घड्याळ जर्मनीच्या एक तास पुढे असते, हे परतीच्या तिकिटांच्या वेळी विसरू नका. कौनासलाही कार्मेलावा येथे विमानतळ आहे आणि तिथून शहरात यायला बस मिळते, तेव्हा स्वस्त विमान कंपन्यांची उड्डाणे सोयीच्या दिवशी आहेत का, तेही पाहा. शहरात बस आणि ट्रॉलीबस आहेत. तिकिटासाठी ‘झ्योगास’ हे ॲप फोनवर घेऊन ठेवा. टॅक्सीसाठी बोल्टचे ॲप सर्रास वापरले जाते आणि चार जणांना ते परवडते. चलन युरोच आहे, २०१५ पासून.

आई-बाबांच्या व्हिसाविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. सर्वांत जास्त दिवस ते जर्मनीत राहणार असतील तर अर्ज जर्मनीकडेच करायचा आणि त्याच शेंगेन व्हिसावर (युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या सामाईक व्हिसावर) लिथुआनियात येता येते. प्रवासविमा मात्र संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी, किमान ३०,००० युरोंचा असावा. दोन देशांच्या सीमेवर तपासणी होवो अथवा न होवो, पासपोर्ट सोबत ठेवा.

जूनमध्ये इथे रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी आईंना दोन-तीन तास विश्रांती देऊनसुद्धा संध्याकाळ भरपूर उरते. दिवसा हवा सुखद असते, पण पाऊस केव्हाही येतो आणि नदीकाठी संध्याकाळी गारवा जाणवतो, म्हणून स्वेटर आणि पावसाळी जाकीट दोन्ही हवेत. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, म्हणून कौनासचे दिवस मंगळवार ते रविवार यांतच बसवा.

एक लहानशी पण उपयोगाची गोष्ट : सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या दारावर अनेकदा केवळ त्रिकोण असतो. टोक वर असलेला त्रिकोण महिलांसाठी आणि टोक खाली असलेला पुरुषांसाठी.

---

वास्तुरेषा

नेमुनासकाठ यांनी ज्या वीस वर्षांचा उल्लेख केला, त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण कौनासला जाण्याचे खरे कारण तेच आहे, असे मला एक वास्तुरचनाकार म्हणून वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर लिथुआनिया स्वतंत्र झाला, पण विल्नियस हातात राहिले नाही. १९१९ च्या सुरुवातीला सरकार कौनासला हलले, आणि १९२० मध्ये विल्नियस पोलिश सैन्याने घेतल्यावर कौनास ही ‘तात्पुरती राजधानी’ झाली. ती तात्पुरती व्यवस्था दोन दशके टिकली. त्यापूर्वी हे रशियन साम्राज्याचे सरहद्दीवरचे किल्लेबंद शहर होते आणि लष्करी नियमांमुळे इमारतींच्या उंचीवर बंधने होती. अशा ठिकाणी अचानक मंत्रालये, बँक, पोस्ट, विद्यापीठ, संग्रहालये, नाट्यगृह, अधिकाऱ्यांची आणि प्राध्यापकांची घरे या सगळ्यांची गरज उभी राहिली. देश गरीब होता आणि वेळही थोडा होता, तरीही परदेशांत शिकून परतलेल्या तरुण वास्तुरचनाकारांनी एका पिढीत नवे शहर उभे केले. याच वारशासाठी २०२३ मध्ये युनेस्कोने ‘आधुनिकतावादी कौनास : आशावादाची वास्तुकला, १९१९-१९३९’ या नावाने त्याची जागतिक वारसास्थळांत नोंद केली.

मुंबईकर म्हणून मला याचे विशेष अगत्य आहे. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या ज्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये हाच मान मिळाला, त्यांतील बहुसंख्य याच दशकांत उभ्या राहिल्या. गोलाकार कोपरे, कोपऱ्याला वळसा घालणाऱ्या खिडक्या, दर्शनी भागावरच्या आडव्या पट्ट्या हे सगळे मुंबईच्या माणसाला कौनासमध्ये लगेच ओळखू येते. फरक हवामानाने पडला आहे. आपल्याकडे उन्हापावसासाठी खिडक्यांवर सलग छज्जे आणि मोकळ्या बाल्कन्या आल्या. तिथे उजेड मौल्यवान असल्यामुळे जिन्याच्या बाजूने वरपासून खालपर्यंत उभी काच आली. एखाद्या इमारतीचे दार उघडे दिसले आणि रहिवाशांची हरकत नसली तर आत डोकावून जिना अवश्य पाहा, कारण कठड्याच्या वळणावर आणि पायऱ्यांच्या घोटीव काठावर कारागिरांनी जी मेहनत घेतली आहे, ती रस्त्यावरून कळत नाही.

लाइस्वेस अलेयावरचे मध्यवर्ती पोस्ट ऑफिस फेलिक्सास विझबारास यांनी आखले आणि ते १९३२ मध्ये पूर्ण झाले. पोस्टाचे काम आता तिथे चालत नाही, पण दर्शनी भाग निवांत पाहण्यासारखा आहे. त्याच रस्त्यावर दूध उत्पादकांच्या सहकारी संघाची ‘पिएनोसेंत्रास’ ही गोलाकार कोपऱ्याची इमारत आहे. ती आखणारे व्हितौतास लांड्सबेर्गिस-झेम्काल्निस म्हणजे १९९० मध्ये स्वातंत्र्याच्या पुनर्घोषणेच्या वेळी देशाचे नेतृत्व करणाऱ्या व्हितौतास लांड्सबेर्गिस यांचे वडील. शेतकऱ्यांच्या दुधाच्या पैशांतून राजधानीच्या मुख्य रस्त्यावर अशी वास्तू उभी राहिली, ही गोष्ट सहकाराची परंपरा असलेल्या साताऱ्याकडच्या माणसाला निश्चितच भावेल.

मग झालियाकाल्निस टेकडीवर जा. वर जाण्यासाठी १९३१ पासूनची तारेने ओढली जाणारी रेल्वे आहे, तिला तिथे फ्युनिक्युलर म्हणतात, आणि तिचे खालचे स्थानक युद्धसंग्रहालयाच्या मागेच आहे. नदीपलीकडे अलेक्सोतास टेकडीवर चढणारी दुसरी तशीच गाडी १९३५ ची आहे. दुरुस्तीसाठी या गाड्या काही काळ बंद ठेवल्या जातात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. बंद असल्यास पायऱ्या चढू नका, सरळ टॅक्सीने जा.

टेकडीवरच्या पुनरुत्थान चर्चची कहाणी मला या शहरातील सर्वांत हृद्य वाटते. स्वातंत्र्य मिळाल्याबद्दल कृतज्ञता म्हणून लोकांच्या देणग्यांतून ते बांधायला घेतले. १९३४ मध्ये पायाचा दगड बसला आणि आराखडा कारोलिस रेइसोनास यांचा होता. काम पूर्ण होण्याआधीच १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता आली, जर्मन ताब्याच्या काळात तिथे कागदाचे गोदाम झाले आणि नंतर सोव्हिएत राजवटीत चर्चच्या पोटात मजले घालून रेडिओचा कारखाना चालवला गेला. स्वातंत्र्य परत आल्यावर काम पुन्हा हाती घेतले गेले आणि २००४ मध्ये, म्हणजे पायाभरणीनंतर ७० वर्षांनी, चर्चचे विधिवत उद्घाटन झाले. आतून ते पूर्ण पांढरे आणि जवळजवळ निराभरण आहे. छतावर जाण्यासाठी लिफ्ट आहे, त्यामुळे आईंनाही वरून दोन्ही नद्या आणि सगळे शहर एका नजरेत पाहता येईल.

---

इतिहासवेध

बाबांसाठी तीन ठिकाणे सुचवतो आणि नवव्या किल्ल्याविषयी माझे मतही देतो.

पहिले म्हणजे व्हितौतास द ग्रेट युद्धसंग्रहालय आणि त्याच्यासमोरची बाग. संग्रहालयात ‘लितुआनिका’ या लहान विमानाचे अवशेष ठेवले आहेत. स्तेपोनास दारियुस आणि स्तासिस गिरेनास या दोघा वैमानिकांनी १५ जुलै १९३३ रोजी न्यूयॉर्कहून कौनासच्या दिशेने उड्डाण केले. अटलांटिक महासागर त्यांनी ओलांडला, सहा हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापले आणि कौनास साधारण ६५० किलोमीटर उरले असताना आजच्या पोलंडमधील जंगलात विमान कोसळून दोघांचाही मृत्यू झाला. फाटलेले नारिंगी कापड आणि वाकलेला सांगाडा समोर पाहताना त्या काळी विमान ही किती नाजूक वस्तू होती, हे कळते. बागेत पाठीवर गाठोडे घेतलेल्या, वाकून चालणाऱ्या माणसाचा पुतळा आहे. रशियन साम्राज्याने १८६४ ते १९०४ या काळात लॅटिन लिपीतील लिथुआनियन छपाईवर बंदी घातली होती. तेव्हा प्रशियात छापलेली पुस्तके सीमेवरून चोरून आणून गावोगाव पोहोचवणाऱ्या सामान्य माणसांचे ते स्मारक आहे. पकडले गेलेल्या अनेकांना सैबेरियात धाडण्यात आले. भाषेचे शिक्षक, ग्रंथपाल आणि वाचक यांनी या पुतळ्यापाशी दोन क्षण थांबावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरे ठिकाण म्हणजे झालियाकाल्निसवरील सुगिहारा भवन. चिउने सुगिहारा हे १९४० मध्ये कौनासला जपानचे उपवाणिज्यदूत होते. जर्मनीने पोलंड गिळल्यावर हजारो ज्यू निर्वासित लिथुआनियात आले होते. १९४० च्या उन्हाळ्यात सोव्हिएत युनियनने देश ताब्यात घेतला आणि परदेशी वकिलातींना निघून जाण्यास सांगितले. बाहेर पडण्यासाठी निर्वासितांना पोहोचण्याचा देश आणि वाटेतील देश अशा दोन्ही परवानग्या हव्या होत्या. डच मानद वाणिज्यदूत यान झ्वार्तेन्देइक यांनी पासपोर्टांवर लिहून दिले की कॅरिबियन समुद्रातील कुरासाओ या डच वसाहतीत प्रवेशासाठी व्हिसा लागत नाही, आणि तिथे उतरण्यासाठी गव्हर्नरची अनुमती आवश्यक असते, हा भाग त्यांनी लिहिलाच नाही. त्या नोंदीच्या आधारे सुगिहारांनी जपानमार्गे जाण्याचे परवाने हाताने लिहून दिले. तोक्योहून नकार आला होता, तरीही कौनास सोडेपर्यंत ते लिहीत राहिले. त्यांच्या यादीत दोन हजारांहून अधिक परवाने आहेत, आणि एका परवान्यावर अनेकदा सबंध कुटुंब निघाले. तेच घर आज संग्रहालय आहे. ते लहान आहे, तासाभरात पाहून होते आणि मुलालाही सहज समजेल असे आहे. झ्वार्तेन्देइक यांच्या स्मरणार्थ लाइस्वेस अलेयावर, ज्या कंपनीचे ते प्रतिनिधी होते तिच्या तेव्हाच्या कचेरीसमोर, प्रकाशाच्या कांड्यांची वर्तुळाकार रचना २०१८ मध्ये उभारली आहे. ती अंधार पडल्यावर पाहा.

तिसरे ठिकाण त्याच रस्त्यावर, संगीत नाट्यगृहाच्या बागेत आहे. १४ मे १९७२ रोजी रोमास कालांता या एकोणीस वर्षांच्या तरुणाने सोव्हिएत राजवटीच्या निषेधार्थ तिथे स्वतःला जाळून घेतले आणि त्यानंतर शहरात मोठी निदर्शने झाली. स्मारक म्हणून जमिनीत बसवलेले दगड आहेत. ते जमिनीलगत असल्यामुळे माहिती नसेल तर नजरेतून सुटतात. १९२० मध्ये लिथुआनियाच्या संविधानसभेची पहिली बैठकही याच नाट्यगृहात भरली होती.

आता नववा किल्ला. शहराभोवतीच्या रशियन तटबंदीतील हा एक किल्ला नंतर तुरुंग झाला आणि जर्मन ताब्याच्या काळात हत्याकांडाची जागा झाला. २९ ऑक्टोबर १९४१ या एका दिवसात कौनासच्या ज्यू वस्तीतील नऊ हजारांहून अधिक माणसे, त्यांत हजारो मुले, इथे मारली गेली. पुढच्याच महिन्यात बर्लिन, म्युनिक, फ्रँकफर्ट, व्हिएन्ना आणि ब्रेस्लाउ येथून रेल्वेने आणलेल्या ज्यू नागरिकांची इथे हत्या झाली. तुम्ही बर्लिनमध्ये राहता, ज्यांच्या दाराशी नावांच्या पितळी पट्ट्या बसवल्या आहेत ती घरे रोज पाहता. त्यांपैकी काही पट्ट्यांवर कौनासचे नाव आहे. किल्ल्यातील एका कोठडीच्या भिंतीवर १९४४ मध्ये फ्रान्सहून आणलेल्या कैद्यांनी ‘आम्ही ९०० फ्रेंच आहोत’ असे कोरून ठेवले आहे. १९४३ च्या नाताळच्या रात्री इथून ६४ कैदी निसटले, तीही कहाणी तिथे सांगितली आहे.

माझे मत असे की बाबांनी आणि तुम्ही अवश्य जावे. तेरा वर्षांच्या मुलाला आधी घरी शांतपणे समजावून सांगितले आणि त्याने स्वतः यायची इच्छा दाखवली, तरच न्यावे. बाहेरचे मैदान आणि १९८४ मध्ये उभारलेले ३२ मीटर उंचीचे स्मारक खुल्या जागेत आहे, तिथे वारा फार असतो. किल्ल्याच्या आत ओल, गारठा आणि पायऱ्या आहेत. त्या दिवशी आईंसाठी वेगळा बेत ठेवा आणि संध्याकाळी दुसरे काहीही ठरवू नका.

---

स्वातीताई

मुलगी कौनासच्या वैद्यकीय विद्यापीठात शिकत असल्यामुळे माझे तिथे जाणे-येणे असते. भारतातून आलेली बरीच मुले तिथे शिकतात. जेवणाचे मी सांगते.

स्वयंपाकघर असलेले घर घेणे तुमच्यासाठी सर्वांत चांगले, कारण मांसाशिवाय पदार्थ भरपूर मिळतात, पण अंड्याशिवायचे शोधावे लागतात. उन्हाळ्यात सर्वत्र मिळणारे शाल्तिबार्श्चेय हे गुलाबी रंगाचे थंड सूप बीट, काकडी, शेपू आणि केफिर (ताकासारखे आंबवलेले दूध) यांचे असते, सोबत गरम उकडलेले बटाटे देतात. त्यात उकडलेले अंडे चिरून घालतात, म्हणून मागवतानाच ‘बे क्यौशिन्यू’ म्हणजे अंड्याविना असे सांगा. मांसाविना हवे असेल तर ‘बे मेसोस’. बटाट्याच्या मोठ्या लांबट उंड्यांना त्सेपेलिनाय म्हणतात. ते बहुधा खिम्याने भरलेले असतात, पण ‘वार्श्के’ म्हणजे ताज्या छेन्याचे सारणही मिळते. मात्र सारणात अंडे आहे का, हे विचारावे लागते आणि वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालू नका, हेही आवर्जून सांगावे लागते. बटाट्याच्या धिरड्यांत बहुतेक ठिकाणी अंडे असते. लसूण चोळून तळलेला राय या धान्याचा पाव, केप्ता दुओना, मुलाला हमखास आवडेल. त्यावरचा सॉस मेयोनेजचा असू शकतो, तो वेगळा ठेवायला सांगा.

जूनमध्ये तिथली स्ट्रॉबेरी बाजारात येते. झालियाकाल्निसच्या मंडईत सकाळी गेलात तर आजूबाजूच्या गावांतून आलेल्या आजीबाई मटारच्या शेंगा, शेपूच्या जुड्या, कोवळी काकडी आणि मध घेऊन बसलेल्या दिसतील. आईंना तिथे अर्धा तास सहज लागेल. राय धान्याचा काळा पाव, दही, छेना आणि ही भाजी एवढ्यावर न्याहारी आणि एक वेळचे जेवण उत्तम होते. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे.

एक सूचना मात्र काटेकोरपणे पाळा. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ प्रवासी सामानातून आणण्यास मनाई आहे. साताऱ्याहून येणारी माणसे कंदी पेढे आणि घरचे तूप आणल्याशिवाय राहणार नाहीत, हे मी जाणते. पण बर्लिनच्या विमानतळावर ते काढून घेतले जाऊ शकतात. चिवडा, लाडू करायचेच असतील तर तेलातले, मेतकूट, भाजणी, पोहे हे आणावे.

---

मुक्ता_बर्लिन

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. बाबांना सर्व प्रतिसाद फोनवर वाचून दाखवले. पेढ्यांची सूचना आईला अजून मान्य झालेली नाही.

नकाशात पाहताना कौनासच्या पूर्वेला मोठा जलाशय दिसला आणि त्याच्या काठी पाझाइस्लिस मठ व रुमशिश्केसचे खुले संग्रहालय. बाबांच्या आजोळचे गाव कोयनेच्या शिवसागरात गेले, त्यामुळे धरणाखाली गेलेल्या गावांची घरे कुठे जपली असतील तर ती पाहण्याची त्यांना फार ओढ आहे. हे एका दिवसात जमेल का? आणि मुलासाठी बास्केटबॉलशी संबंधित काही पाहता येईल का?

---

नेमुनासकाठ

एका दिवसात दोन्ही जमेल, मात्र सकाळी लवकर रुमशिश्केसला जा आणि परतताना पाझाइस्लिसला थांबा.

नेमुनासवर जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधले आणि १९५९ मध्ये हा जलाशय भरला. अनेक गावे बुडाली. रुमशिश्केस हे गाव वरच्या अंगाला नव्याने वसवले आणि त्याचे जुने लाकडी चर्चही हलवून तिथे पुन्हा उभारले. त्याच परिसरात पुढे खुले संग्रहालय झाले. देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतील जुनी घरे, कोठारे, पवनचक्क्या उचलून आणून तिथे मूळ वस्त्यांच्या रचनेप्रमाणे मांडल्या आहेत. सगळीच घरे बुडालेल्या गावांतली नाहीत, हे बाबांना आधी सांगा. बहुतेक वास्तू इतर भागांतून आणलेल्या आहेत, तरीही खेड्याची वाडी कशी होती, धान्य कुठे साठवत, विहीर घरापासून किती अंतरावर असे, हे तिथे प्रत्यक्ष दिसते. एका बाजूला सैबेरियात हद्दपार केलेल्यांचे स्मरण म्हणून मालगाडीचा डबा आणि उत्तर ध्रुवीय किनाऱ्यावर ते राहत तशी मातीची झोपडी ठेवली आहे. पहिली मोठी हद्दपारी १४ जून १९४१ रोजी सुरू झाली. तुम्ही त्या दिवशी देशात असाल तर राष्ट्रध्वजांना काळी फीत बांधलेली दिसेल.

हा परिसर फार मोठा आहे, साधारण दोनशे हेक्टरांचा, आणि वाटा चढ-उताराच्या आहेत. आईंनी सगळा फेरफटका मारण्याचा आग्रह धरू नये. प्रवेशद्वाराजवळच्या वाड्या आणि मधोमध असलेला जुन्या धाटणीचा गावचौक एवढे पाहिले तरी भरपूर होते. कौनासहून अंतर वीस-पंचवीस किलोमीटर आहे. बस महामार्गावर सोडते आणि तिथून चालावे लागते, म्हणून त्या दिवशी भाड्याची मोटार घ्या.

पाझाइस्लिसचा मठ १७व्या शतकात क्रिस्तुपास पात्सास या सरदाराने कामाल्दोली पंथाच्या एकांतवासी साधूंसाठी बांधवला. सहा बाजूंच्या चर्चवर उंच घुमट आहे आणि आत इटालियन चित्रकारांनी भिंतींवर काढलेली चित्रे आहेत. उन्हाळ्यात तिथे संगीत महोत्सव भरतो; तारखा जुळल्या तर एखादी मैफल चुकवू नका. मठात आज ख्रिस्ती जोगिणी (नन) राहतात, म्हणून खांदे झाकलेले असावेत आणि आवाज हळू असावा.

मुलासाठी नेमुनास बेटावरचे झाल्गिरिस अरेना हे बास्केटबॉलचे क्रीडागृह आहे, २०११ मध्ये बांधलेले. जूनमध्ये सामना असेल का, हे झाल्गिरिस संघाच्या वेळापत्रकात पाहा, नसेल तर शेजारी बेटावर खेळायला मोकळी मैदाने आहेत. १९३९ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी बांधलेले क्रीडागृह झालियाकाल्निसवर आजही उभे आहे. ती स्पर्धा लिथुआनियाने सलग दुसऱ्यांदा जिंकली होती. बास्केटबॉलपटू अर्विदास साबोनिस याच शहरातला, हे तुमच्या मुलाला मी सांगायची गरज नसावी.

आणखी एक. २४ जूनला इथे सार्वजनिक सुट्टी असते आणि २३ तारखेच्या संध्याकाळी ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून, फुलांचे मुकुट घालून मध्य-उन्हाळ्याचा उत्सव साजरा होतो. त्या दोन दिवसांत राहण्याची जागा आणि मोटार दोन्ही मिळणे कठीण होते, म्हणून तुमच्या तारखा त्या सुमारास असतील तर आरक्षण आत्ताच करून टाका.